तागडी, चाक आणि स्त्रीचे बळ

आमच्या देवालयांत तुळाभाराची चाल जुनी आहे. मूल दुखण्यातून उठले किंवा घरातील माणूस संकटातून सुखरूप पार पडला, की नवस फेडण्यासाठी त्याला तागडीच्या एका पारड्यात बसवावे, दुसऱ्या पारड्यात नारळ, केळी, तांदूळ, गूळ असे काही चढवीत जावे आणि काटा मध्यावर आला की ते सारे देवाच्या चरणी वाहावे, असा हा विधी. राजघराण्यांत हीच तुला सोन्याची होत असे. १६६५ साली सूर्यग्रहणाच्या पर्वणीस शिवाजी महाराजांनी महाबळेश्वर क्षेत्री मातुःश्री जिजाबाईंची सुवर्णतुला केली, आणि पुढे तीनच वर्षांनी, १६६८ मध्ये, त्यांनी आमच्या डिचोली महालातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. त्या तुलेत मातुःश्रींचे वजन जितके भरले तितके सोने दानात गेले. तागडीत माणूस जड भरला तर दान मोठे झाले, एवढाच त्याचा अर्थ. तुळाभाराच्या तागडीने कोणा स्त्रीला कधी लाजविले नाही.

आज ती तागडी देवालयातून निघून घराच्या कोपऱ्यात येऊन बसली आहे. सुशिक्षित घरांतील कित्येक मुली आणि प्रौढ स्त्रिया सकाळी उठून प्रथम तिचे दर्शन घेतात, आणि काटा ज्या आकड्यावर थांबेल त्यावर त्यांचा दिवस बरा किंवा वाईट जातो. आपण किती चालू शकतो, किती ओझे उचलू शकतो, चढण चढताना दम कोठे लागतो, हे प्रश्न मागे पडतात. स्त्रीच्या शरीराचे मोल तिच्या कर्तृत्वशक्तीवरून करावे की तिच्या वजनावरून, हा वाद वाटतो तितका नवा नाही. गेल्या सवाशे-दीडशे वर्षांत तो ज्या साध्या वाहनाच्या निमित्ताने सर्वांत स्पष्टपणे खेळला गेला, त्या सायकलीचा इतिहास म्हणूनच आपण थोडा तपासून पाहू.

प्रथम आपल्या घरचा हिशेब मांडू. हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावरून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चढ-उतारांच्या वाटेने गावोगाव फिरणारी नुस्तेकान्न, साखळी-मयेच्या बाजूला कुळागरात पाणी वळविणारी आणि सुपारीची पोती वाहणारी बाई, भात लावणीला दिवसभर वाकून राहणारी कुणबीण, ह्यांचे माप वजनात कोणी केले नाही. कोणाची पाटी किती जड आणि कोण किती लांब जाते, ह्यावरून त्यांची ख्याती होई. करमणुकीतही तेच. पौष महिन्यात मांडावर धालो रंगतात तेव्हा रात्र जागविण्याची ताकद लागते. फुगडीत तर दोघी मागे झुकून एकमेकींचा भार तोलीत असतात. तेथे जी अधिक वेळ टिकते, जिचा दम सुटत नाही, तीच वाखाणली जाते.

ह्या चित्राला सोनेरी चौकट बसविण्याचे मात्र कारण नाही. ते बळ बहुधा दुसऱ्याच्या चाकरीत खर्ची पडत होते. घरात गाडी असली तर ती पुरुषाच्या हाती असे. बाई तिच्या मागून चालत असे. गोव्यात १८७० पासून लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने वारसाच्या बाबतीत कन्येला सामान्यतः पुत्राच्या बरोबरीचे स्थान दिले होते. परंतु कागदावरचा वाटा निराळा आणि रस्त्यावर आपल्या मर्जीने निघण्याची मुभा निराळी. बळ होते, पण त्या बळावर स्वतःची सत्ता नव्हती. सायकलीचे महत्त्व नेमके येथे आहे. बाईच्याच पायांच्या बळावर चालणारे आणि तिलाच हव्या त्या ठिकाणी नेणारे असे हे वाहन होते.

दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली ह्याने १८८५ मध्ये बाजारात आणली आणि १८८८ मध्ये डनलॉप ह्याने हवा भरलेला टायर सिद्ध केला. त्यानंतर दहा वर्षांत युरोप-अमेरिकेतील हजारो स्त्रिया सायकलीवर बसू लागल्या, आणि लगोलग त्यांच्या प्रकृतीची काळजी वाहणारेही पुढे सरसावले. सायकलीमुळे स्त्रीचा चेहरा ताणलेला आणि विद्रूप होतो, अशी एक व्याधीच काही डॉक्टरांनी शोधून काढली आणि तिला ‘सायकलचेहरा’ असे नाव दिले! १८९३ मध्ये टेसी रेनॉल्ड्स नावाची सोळा वर्षांची मुलगी ब्रायटनहून लंडनला जाऊन परत आली. सुमारे १९० किलोमीटरांचा हा प्रवास तिने साडेआठ तासांत केला. वृत्तपत्रांतून गहजब उडाला तो मात्र तिच्या वेगापेक्षा तिच्या विजारीवरूनच अधिक. अमेरिकेतील समाजसुधारक फ्रान्सिस विलर्ड ह्या तर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ मध्ये त्यांनी त्या अनुभवावर पुस्तक लिहिले.

कायद्याच्या अभ्यासकाला ह्या इतिहासात दोन खटले विशेष लक्षणीय वाटतील. १८७९ मध्ये ‘टेलर विरुद्ध गुडविन’ ह्या खटल्यात इंग्लंडातील न्यायालयापुढे प्रश्न आला की, बेफाम वेगाने वाहन हाकणाऱ्यास शिक्षा सांगणाऱ्या कायद्यातील ‘गाडी’ ह्या शब्दात सायकल येते काय? न्यायालयाने होकारार्थी उत्तर दिले. आरोपीला ते महागात पडले, परंतु सायकल ही रस्त्यावरची अधिकृत गाडी ठरली. जी गाडी ठरली तिला रस्त्यावर दायित्व आहे, तसा हक्कही आहे.

दुसरा खटला लेडी हार्बर्टन ह्यांचा. १८९८ मध्ये ह्या बाई सायकलीवरून सरे परगण्यातील ओकम गावच्या एका खानावळीत पोहोचल्या. त्यांच्या अंगावर घागऱ्याऐवजी दुभागलेली तुमान होती. मालकिणीने त्यांना भोजनाच्या दालनात बसू देण्याचे नाकारले आणि दारूच्या गुत्त्यालगतच्या खोलीत बसण्यास सांगितले. सायकलस्वारांच्या संघाने फिर्याद गुदरली. १८९९ च्या एप्रिलमध्ये निकाल लागला तो मालकिणीच्या बाजूने. कारण बाईंना जागा नाकारली नव्हती, केवळ दुसरी जागा दाखविली होती, असे पंचांना वाटले. आज हीच कैफियत भारतात उभी राहिली तर संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम पुढे येईल. केवळ लिंगभेदाच्या कारणास्तव दुकाने, उपाहारगृहे वा सार्वजनिक रस्ते ह्यांच्या वापरावर निर्बंध घालण्यास ते कलम मनाई करते. प्रतिपक्षाचा वकील अर्थात म्हणेल की, हरकत स्त्रीला नव्हती, पोशाखाला होती. पण तो पोशाख पुरुषाने घातला असता तर कोणी हरकत घेतली असती काय, एवढे विचारले की तो युक्तिवाद लंगडा पडतो.

आणि गंमत अशी की, ज्या दुभागलेल्या वस्त्रासाठी लेडी हार्बर्टन ह्यांना कचेरीची पायरी चढावी लागली, ते वस्त्र आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या प्रतिष्ठेचे होते. कासोटा घालून नेसलेले नऊवारी लुगडे हे दुसरे काय आहे? त्या वेशात बाई शेतात उतरे, झाडावर चढे, प्रसंगी घोड्यावरही बसे, आणि त्याच वेशात देवदर्शनालाही जाई. पुढे पाचवारी साडी आणि तिच्याबरोबर आतला परकर आला, तेव्हा दांडा खाली उतरविलेली ‘लेडीज सायकल’ आवश्यक ठरली. आधुनिकतेने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने कसे काढून घेतले, ह्याचे हे एक लहानसे उदाहरण.

सायकलीवरून भारताची देवालये पाहणारी एक स्त्रीही ह्याच काळातली. अमेरिकेच्या फॅनी बुलक वर्कमन ह्यांनी पतीसमवेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंका आणि हिंदुस्थान सायकलीवर पालथा घातला. चौदा हजार मैलांच्या त्या भ्रमंतीवर दोघांनी १९०४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच्या नावातच ‘देवालये’ हा शब्द आहे. खडकाळ वाटा, फुटणारे टायर आणि उन्हाळा सोसून ह्या बाई पुढे हिमालयात गेल्या. १९०६ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी जे शिखर सर केले त्याने त्या काळच्या स्त्रियांच्या गिर्यारोहणाचा उच्चांक गाठला. त्यांचे नाव इतिहासात राहिले ते चाललेल्या मैलांमुळे आणि चढलेल्या उंचीमुळे.

मराठी मुलखात सायकलीचे माहेरघर म्हणजे पुणे. एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ते ओळखले जाई, आणि दोन वेण्या घालून महाविद्यालयाकडे सायकल हाकणारी मुलगी हे तेथील नित्याचे दृश्य होते. स्वातंत्र्यानंतर सोनीपत येथे ॲटलस आणि लुधियाना येथे हीरो हे कारखाने निघाले, आणि देशी सायकल मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली. आमच्या गोव्यात १९६१ च्या मुक्तीनंतर, विशेषतः १९६३ अखेर मुख्यमंत्री झालेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकीर्दीत, शाळा गावोगाव पोहोचल्या. पेडणे आणि डिचोलीच्या वाड्यावाड्यांतील मुलींपुढे प्रथमच प्रश्न उभा राहिला, की प्राथमिक शाळा गावात आहे, पण पुढची शाळा दूर आहे. तेथे जायचे कसे?

ह्या प्रश्नाचे उत्तर चाकाने कसे दिले, ते अन्य प्रांतांत स्पष्ट दिसले. तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेची चळवळ चालू असता जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत ह्यांनी स्त्रियांना सायकल शिकविण्याचा उपक्रम तीत समाविष्ट केला. दीड-दोन वर्षांत लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांत खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या, शेतमजूर होत्या, परिचारिका आणि शिक्षिकाही होत्या. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच अधिक पसंत पडल्या. कारण पुढच्या दांड्यावर मूल बसविता येते! बिहारमध्ये २००६ पासून नववीतील मुलींना सायकलीसाठी साहाय्य मिळू लागले. अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुलींतील अंतर ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्या मुलींनी सायकल घेतली ती शाळेत पोहोचण्यासाठी. अंगी आलेले बळ हा त्यांचा अनायासे झालेला लाभ.

आता तागडीच्या आकड्याची कुळकथा पाहू. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे गणित बेल्जममधील ॲडॉल्फ केटले ह्या ज्योतिषशास्त्र आणि संख्याशास्त्र जाणणाऱ्या विद्वानाने १८३० च्या दशकात मांडले. त्याला ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधायचे होते. रोगनिदान हा त्याचा हेतू नव्हता. पुढे अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन ह्या विमा कंपनीने १९४२ मध्ये स्त्रियांच्या ‘आदर्श’ वजनाचे कोष्टक प्रसिद्ध केले. ते विम्याच्या धंद्याच्या गरजेतून निघाले होते. १९७२ मध्ये ॲन्सेल कीज ह्या शास्त्रज्ञाने केटलेच्या गणिताला आजचे ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. त्यासाठी त्याने पाच देशांतील सात हजारांहून अधिक माणसांची मापे वापरली, आणि ती सारी माणसे पुरुष होती. म्हणजे ज्या आकड्यापुढे आज आमच्या मुली मान खाली घालतात, त्याच्या जन्माच्या वेळी स्त्रीची साक्षच घेतली गेली नव्हती. एकतर्फी पुराव्यावर दिलेला निवाडा कोणतेही न्यायालय सावधपणेच वाचील.

ह्या निवाड्याला रस्त्यावर उत्तर देणारी स्त्री इंग्लंडातील यॉर्कशरची बेरिल बर्टन. लहानपणी तिला संधिवाताच्या तापाने गाठले होते. कित्येक महिने ती रुग्णालयात होती आणि श्रमाचे काम टाळावे असा सल्ला तिला मिळाला होता. मोठेपणी ती शेतावर मजुरीचे कष्टाचे काम करी आणि सुटीच्या दिवशी शर्यती जिंकी. स्त्रियांची रस्त्यावरील जागतिक शर्यत १९५८ मध्ये सुरू झाली आणि बर्टनने ती १९६० व १९६७ मध्ये जिंकली. त्याच १९६७ मध्ये बारा तासांच्या शर्यतीत तिने २७७ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर, अंतर कापले. त्या दिवशी पुरुषांतही नवा उच्चांक झाला होता. बेरिलने तो गाठला, ज्या मायकेल मॅकनमारा ह्याला तिने मागे टाकले त्याच्या हाती जाता जाता एक गोळी ठेवली, आणि ती पुढे निघून गेली. तिचा हा उच्चांक पुरुषांनाही दोन वर्षे मोडता आला नाही. स्त्रियांत तो पन्नास वर्षे, २०१७ पर्यंत, टिकला. शेतात घडलेले ते शरीर कोष्टकात कोठे बसत होते, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही.

मराठी स्त्रियांनीही ह्या परंपरेत आपली भर घातली आहे. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये सुमारे २९,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत सायकलीवर पुरी केली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. पुण्याच्याच प्रीती मस्के ह्यांची कथा गृहिणींनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. दोन मुलांच्या ह्या मातेने चाळिशीच्या आसपास, आजारपण आणि मनाची खिन्नता ह्यांतून बाहेर पडण्यासाठी सायकल जवळ केली. जून २०२२ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरांचे अंतर त्यांनी एकटीने ५५ तास १३ मिनिटांत कापले. त्या वाटेवरील तांगलांग ला ही खिंड पाच हजार तीनशे मीटरांहून उंच आहे; तेथे श्वास घेणे हेच एक काम होऊन बसते.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकणे न्यायाला धरून होईल. सपाटीवर सायकलस्वाराचे बहुतेक बळ वारा कापण्यात जाते आणि तेथे वजनाचा फारसा अडसर होत नाही. पण घाट चढताना प्रत्येक किलो वर ओढावा लागतो, हे खरे आहे. २०२५ मध्ये स्त्रियांची ‘तूर द फ्रान्स’ शर्यत जिंकणाऱ्या पोलीन फेराँ-प्रेव्हो हिने डोंगरांतील टप्प्यांसाठी सुमारे चार किलो वजन उतरविल्याचे मोकळेपणाने सांगितले, आणि ही स्थिती कायम ठेवण्याजोगी नाही असेही बजावले. दुसरी आलेली डेमी व्होलेरिंग हिने मात्र आपले शरीर अतिकृश होण्यासाठी घडलेले नाही आणि आपल्याला सबळ राहायचे आहे, अशी भूमिका घेतली. दोघीही पोटभर कर्तृत्वाच्या. परंतु त्यांच्या पाठीशी वैद्य आणि आहारतज्ज्ञ असतात. त्यांचे अनुकरण करून एकवेळ जेवणाऱ्या शाळकरी मुलीच्या पाठीशी कोणी नसते. श्रमाच्या मानाने अन्न कमी पडले की मासिक धर्म थांबतो, हाडे ठिसूळ होतात, आजार वारंवार जडतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ह्या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन क्रीडाजगताला सावध केले.

तसेच अतिरिक्त मेदाने मधुमेह आणि रक्तदाब ह्यांना आमंत्रण मिळते, हेही नाकारता येणार नाही. वैद्याने वजन उतरविण्यास सांगितले तर ते ऐकावे. पण वजन हा पुराव्यातील एक कागद आहे. संपूर्ण निकाल त्यावर देता येत नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांत शेकडा ५७ जणी रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या, आणि शेकडा २४ जणींचे वजन प्रमाणाबाहेर होते. तागडी ह्यांतील दुसरी गोष्ट सांगते. पहिलीविषयी ती मूक आहे. रक्त नसलेली कृश मुलगी तिच्यावर उत्तीर्ण होते आणि पाटी वाहणारी धष्टपुष्ट कोळीण अनुत्तीर्ण होते! शिवाय एकट्या सायकलीवरही विसंबू नये. तीत शरीराचा भार आसनावर जातो, त्यामुळे दम आणि पाय बळकट झाले तरी हाडांना चालण्याची, चढण्याची आणि ओझे उचलण्याची गरज राहतेच. आमच्या आज्यांच्या दिवसात ह्या तिन्ही गोष्टी आपोआप घडत होत्या.

आज आमच्या महालांतील स्थिती उलट आहे. घरोघरी दुचाकी आल्या, पाण्याला नळ आला, आणि कष्ट हलके झाले ह्यात आनंदच आहे. पण कष्टांबरोबर बळही ओसरले, आणि रिकाम्या झालेल्या जागी तागडीची चिंता येऊन बसली. रस्तेही सायकलीला अनुकूल राहिलेले नाहीत. डिचोली महालाने वर्षानुवर्षे खनिजाच्या ट्रकांची रांग पाहिली. पेडण्यात २०२३ च्या आरंभी मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि रुंद मार्गांवर वाहनांचा वेग वाढला. अशा रस्त्यावर मुलीला सायकल देण्यास आईबाप कचरतात, त्यात त्यांचा दोष नाही. सायकल ही १८७९ पासून गाडी ठरली असेल, तर तिला रस्त्याची सुरक्षित कड मागण्याचा अधिकार आहे, आणि ती मागणी ग्रामसभेत ठरावाने करता येते.

तोवर एक गोष्ट आपल्याच हाती आहे. आमची गावे डोंगरउतारांवर वसलेली. सायकल शिकण्यास लागणारी सपाट, मोकळी आणि निर्धोक जागा गावात बहुधा एकच असते, ती म्हणजे देवालयाचे प्रांगण. जत्रा आणि पर्वणीचे दिवस सोडले तर सकाळचा बराच वेळ ते रिकामे असते. देवस्थान समित्यांनी आणि महिला मंडळांनी मनावर घेऊन दोन-चार जुन्या सायकली तेथे ठेवाव्या, जाणत्या बायकांनी मुलींना आणि मुलींनी आपल्या आयांना शिकवावे. वजनाची नोंद तेथे कोणी ठेवू नये. ठेवायचीच तर एवढी ठेवावी, की अमकी पहिल्या दिवशी प्रांगणाला एक फेरी घालून थांबली आणि महिन्याभराने मयेच्या तळ्यापर्यंत जाऊन आली.